एक लेबल कमी

सकाळचे साडेनऊ वाजलेत. बाहेर पाण्याच्या टँकरभोवती बायकांची भांडणं रंगलीत आणि मी झोपायला आडवी झालेय. रात्रपाळीवाल्याची झोप अशीच असते, सगळं जग उठून कामाला लागलं की आपण डोळे मिटायचे. खिडकीला जुनी चादर लावलीय. पंखा बंद आहे, कारण डिसेंबर आहे आणि गोदामातला गारठा अंगातून निघायला दुपार होते. अंगात एक जॅकेट आहे. काळं, मऊ, पाठीवर मोठ्या पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत काहीतरी लिहिलेलं. ते माझं नाही. प्रांजलसाठी, म्हणजे माझ्या लेकीसाठी आणलंय, आणि चोरून आणलंय. उद्या तिच्या कॉलेजचं गॅदरिंग आहे म्हणून इस्त्री करायला काढलं होतं. म्हटलं, पोरं एवढी कशाला वेडी होतात ते एकदा घालून तरी बघावं. चेन गळ्यापर्यंत ओढली आणि तशीच पडले.

चोरीचं आधीच सांगून टाकलं ते बरं झालं. सहा दिवस कुणाला सांगितलेलं नाही.

भिवंडीच्या पुढे हायवेला लागून जी पत्र्याची गोदामं आहेत, त्यातल्या एकात मी कामाला आहे. लोक फोनवर कपडे मागवतात, घालून बघतात, आवडले नाहीत की परत पाठवतात. ते परत आलेले कपडे आमच्याकडे येतात. एका टेबलावर दोघी बायका. कपडा उलगडायचा, गळ्यामागचं लेबल कापून पत्र्याच्या डब्यात टाकायचं आणि मग डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत एकच तिरका काप मारायचा. झालं. कोरा करकरीत कपडा, पुठ्ठ्याचा टॅगसुद्धा निघालेला नसतो. सुरुवातीला मी सुपरवायझरला विचारलं होतं की गरिबाला तरी का देत नाही. तो म्हणाला, स्वस्तात गेला तर ब्रँडची किंमत राहत नाही, आणि माल परत येईपर्यंत फॅशन बदललेली असते. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, यांचा दीड. कापलेल्या कपड्यांचे गठ्ठे होतात, गठ्ठे ट्रकमध्ये जातात. काही कुठल्याशा भट्टीत जळतात, काही रात्रीतून कुणाच्या तरी शेताकडेला पडतात. त्याचं आपल्याला काय, असं मी चार वर्षं म्हणत आले.

लेबलांचा डबा इंदूताईंच्या ताब्यात. इंदूताई माझ्या टेबलावरच्या दुसऱ्या. इथल्याच गावच्या, पन्नाशी उलटलेल्या. जितके कपडे तितकी लेबलं, म्हणजे काहीच बाहेर गेलं नाही असा पुरावा. मी जॅकेट उचललं त्या दिवशी लेबल कापून डब्यात टाकलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. पण प्रांजलच्या कॉलेजात पोरी आधी कॉलर उलटून लेबल बघतात. लेबल नसलं की जॅकेट फुटपाथवरचं. म्हणून मी ते लेबलासकट स्वेटरच्या आत घालून घरी आणलं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा.

सोमवारी सकाळी डब्यात एक लेबल कमी निघालं. गोदामवाल्यांनी टेबल उलटंपालटं केलं, आमच्या पिशव्या ओतल्या. कुणी घेतलं म्हणून सुपरवायझरने दोघींना विचारलं. इंदूताई माझ्याकडे बघत होत्या, मी कात्रीकडे. चोर सोडून संन्याशाला फाशी, तशी त्यांना त्याच दिवशी उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं गेलं. जाताना त्यांनी आपला जेवणाचा डबा घेतला आणि मला म्हणाल्या, तुझ्या वाटची चटणी काढून ठेवलीय.

तर अशी मी जॅकेट घालून पडलेय. टँकरचा आवाज लांब जातो. शेजारच्या खोलीत कुणीतरी शिवणयंत्र चालवतंय. शेजारणीकडे शिवणयंत्र नाही, हे माझ्या लक्षात येतं, पण उशिरा. आवाज ओळखीचा आहे. आठ-दहा टाके झाले की मध्येच एक खट्ट. असं खट्ट करणारं यंत्र मी आयुष्यात एकच पाहिलंय.

माझ्या पायाशी अण्णा बसलेत. माझे वडील. करमाळ्याला त्यांचं टेलरिंगचं दुकान होतं. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली, गळ्यात टेप. कशी आहेस वगैरे काही नाही. जिवंत असतानाही त्यांनी ते कधी विचारलं नव्हतं. ते वाकतात, माझ्या अंगावरच्या जॅकेटची खांद्याची शिवण चिमटीत धरतात आणि ती कुठवर आलीय ते बघतात.

"खांदा कोपरापशी आलाय. कुणी शिवलं?"

"फॅशन आहे अण्णा. मोठंच घालतात आता."

"वाढत्या मापाचं हाय व्हय?"

मी नाही म्हणते. वाढत्या मापाचं म्हणजे काय ते मला चांगलं माहीत आहे. माझा एक निळा फ्रॉक होता, खालच्या बाजूला आत वीतभर कापड दुमडलेलं. दर दिवाळीला अण्णा एक दुमड सोडायचे. चार वर्षं मी तो फ्रॉक घातला, आणि चारही वर्षं तो मला नवाच वाटला, कारण सोडलेल्या दुमडीचा रंग गडद असायचा. अण्णा जॅकेटची कड उलटतात, शिवण उलटी करून बोटाने चाचपतात. बाजूच्या शिवणीत जास्तीचं कापड ठेवतात त्याला आमच्यात माया म्हणतात. ती ते शोधताहेत.

"माया कुठाय ह्यात? उद्या सैल करायचं म्हटलं तर?"

"कोण सैल करतंय, अण्णा. टाकून देतात."

मला एकदम उकडायला लागतं. जॅकेट काढावं म्हणून मी चेन खाली ओढते तर ती हलत नाही. पुन्हा ओढते. कापड चेनमध्ये अडकलंय. अण्णांना सांगायला तोंड वर करते तर ते पलंगापाशी नाहीत, कटिंगच्या टेबलापाशी उभे आहेत आणि मी दुकानातल्या स्टुलावर बसलेय, मांडीवर मापांची वही.

दुकान तेवढंच आहे. माणूस एक पाऊल मागे सरला तर भिंतीला लागेल एवढं. शटर अर्धं खाली ओढलेलं आणि त्याच्या खालून ऊन आत आलेलं. मी अकरा वर्षांची आहे, आणि त्रेचाळीस वर्षांची पण आहे, कारण जॅकेटच्या बाह्या माझ्या हातांवरून खाली ओघळताहेत आणि मला पेन धरता येत नाही. अण्णा मापं सांगतात, मी लिहिते. सुट्टीत हे माझंच काम असायचं. ते गिऱ्हाइकाच्या अंगाला टेप लावून आकडा मोठ्याने सांगायचे, मी वहीत उतरवायची.

"उंची अठ्ठावीस," ते म्हणतात. "छाती..."

समोर कुणीच नाही. टेप हवेभोवती गुंडाळलेली आहे, गोल, आणि आत माणूस नाही. अण्णा टेप घट्ट करतात, सैल करतात, पुन्हा आकडा बघतात. मला विचारतात, हे कोणाचं माप. मी सांगते, कोणाचंच नाही, आता कोणाचं माप घेत नाहीत, लहान-मध्यम-मोठं असं असतं आणि बसलं नाही तर परत पाठवायचं. ते मान हलवतात, पण त्यांचं समाधान झालेलं नाही. ते पुन्हा त्या रिकाम्या गोलाला माप विचारत राहतात. मला तिथे थांबवत नाही. मी स्टुलावरून उतरते, वाकते, शटर वर करून बाहेर पडते.

बाहेर गोदाम आहे.

ट्यूबलाइटच्या रांगा, पत्र्याचं छप्पर, आणि सरकत्या पट्ट्यावरून खाली पडणारे कपडे. पट्टा थांबत नाही. मी मागे वळून शटर शोधते, तिथे गठ्ठ्यांची भिंत आहे. माझ्या टेबलापाशी इंदूताईंच्या जागी अण्णा बसलेत आणि समोर तो पत्र्याचा डबा. माझ्या हातात कात्री आहे. सवयीने मी एक शर्ट उलगडते. अण्णा तो माझ्या हातून घेतात, काखेपाशी नाक लावून वास घेतात.

"हे कुणाच्या तरी अंगाला लागलंय. घालून आरशात बघितलंय कुणीतरी."

"पाच मिनिटं, अण्णा. तेवढंच."

मी खांद्यावर कात्री टेकवते. अण्णा कापडाखालून तळहात पुढे करतात, बरोबर पात्यांच्या मध्ये. मी थांबते. हात काढा म्हणते. ते काढत नाहीत. मला त्यांचा हा नियम पाठ आहे, लहानपणी शंभर वेळा ऐकलेला. ताग्याचं कापड कापायचं असतं. एकदा शिवलं की त्याला कात्री लावायची नाही, चुकलं असेल तर उसवायचं. उसवलेलं कापड पुन्हा कापड होतं, कापलेलं चिंधी होतं. गिऱ्हाइकाच्या कपड्यातून उरलेली कातरणसुद्धा ते त्याच कापडाच्या पट्टीने बांधून परत द्यायचे, उद्या ठिगळाला लागेल म्हणून. आणि त्यांची लेक एका रात्रीत हजार-हजार कपडे कापते. हे त्यांच्यापासून लपवायचं कसं, ते मला कळत नाही. त्यांनी सगळं पाहिलेलं आहे.

कपडे पडत राहतात. आधी घोट्यापर्यंत येतात, मग गुडघ्यापर्यंत. रंग सुटतोय त्यांचा, माझे पाय निळे झालेत. मी पट्टा बंद करा म्हणून ओरडते, पण पट्ट्यापाशी कुणी नाही. पाय उचलावा तर बाह्या पायांभोवती गुंडाळतात. कमरेपर्यंत आल्यावर माझ्या ध्यानात येतं की खाली फरशी नाही.

ही इंदूताईंची विहीर आहे. त्यांनी मला दाखवली होती, म्हणजे जागा दाखवली होती. दिराने जमीन विकली, गोदाम उभं राहिलं. जेवणाच्या सुट्टीत एकदा त्यांनी पायाने फरशीवर ठोकून सांगितलं होतं की बघ, आपलं टेबल आहे ना, त्याच्या खाली आमची विहीर, बारमाही पाणी होतं गो तिला. मुरूम टाकून बुजवली. आता मी त्या विहिरीत उभी आहे आणि तिच्यात पाणी नाही, कापलेले शर्ट आहेत, टी-शर्ट आहेत, जीन्स आहेत, ओले, निळे आणि जड. इकडे आड तिकडे विहीर म्हणायची सोय नाही, कारण जे काही आहे ते इकडेच आहे. दगडी कडं वर राहिलंय आणि कड्यावर इंदूताई पाय सोडून बसल्यात, मांडीवर जेवणाचा डबा.

"उज्वला, तू सांग ना गो त्यांना," त्या म्हणतात. "चार वर्सं मी तुझ्या बाजूला उभी हाय."

त्या रागाने म्हणत नाहीत. तेच वाईट आहे. त्यांना खरंच वाटतंय की मी त्यांच्या बाजूने सांगेन. मला बोलायचंय. पण जॅकेटची चेन वर सरकलीय, हनुवटीवरून, ओठांवरून, आणि कॉलर तोंडावर घट्ट बसलीय. लेबल मानेला टोचतंय. मी दोन्ही हातांनी कॉलर खाली ओढते. ओलं कापड इंचभर देतं आणि पुन्हा बसतं. मला श्वास पुरत नाही. मी वर बघते, तर इंदूताई डबा उचलून उठताहेत.

विहिरीच्या आतल्या पायरीवर अण्णा बसलेत. कपडे त्यांच्या पायाशी येऊन थांबलेत. त्यांनी विडी काढलीय, पण पेटवलेली नाही.

"लतीफ आठवतो का?" ते विचारतात.

लतीफ आठवत नाही असं होईल का. लतीफभाई अण्णांच्या दुकानात कारागीर होते, माझ्या जन्माआधीपासून. मी अकरा वर्षांची होते तेव्हा लग्नसराईत एका नवरदेवाचा सूट शिवायला आला. अण्णांनी माप सांगितलं, छाती अडतीस. मी रस्त्यावरून चाललेली वरात बघत होते आणि चौतीस लिहून बसले. गर्दीचे दिवस होते, कटिंग लतीफभाईंनी केलं, वही बघून. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरदेवाने कोट घातला तर बटणं लागेनात. चार इंच कुठल्या शिवणीतून काढणार. त्यांच्या घरची दहा माणसं दुकानात आली. लतीफभाई म्हणत होते, वही बघा, वहीत चौतीस आहे. अण्णांनी वही उघडली तर ते पानच नव्हतं. मी ते फाडून घरी चुलीत टाकलं होतं. मग सगळे असंच धरून चालले, की लतीफने वही न बघता अंदाजाने कापलं आणि आता खोटं बोलतोय. त्या संध्याकाळी लतीफभाई आपली कात्री फडक्यात गुंडाळून घेऊन गेले. मला ते नेहमी जाताना लिमलेटची गोळी द्यायचे. त्या दिवशीही दिली.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

"ती वही मी शिवलेली," अण्णा म्हणतात. "मधोमध टीप मारून. एक पान फाडलं की त्याच्या जोडीचं पान सुटतं. मी वही उघडली तवा ते सुटं पान माझ्या मांडीवर पडलं."

कॉलर तोंडावर आहे, तरी माझा आवाज त्यांना पोचतो. आजवर इतकं लहान मला कधी वाटलं नव्हतं. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"तिथंच कळलं. दहा माणसांच्या म्होरं."

"मग बोलला का नाहीत?"

ते विडी बोटांत फिरवतात. मेलेल्या माणसाला खोटं बोलायची गरज नसते, म्हणून असेल, पण ते सरळ सांगतात.

"तू माझी होतीस. तो कामाला होता."

खालून कपडे आणखी एक पायरी चढतात. अण्णा सांगत राहतात. आठ दिवस त्यांना जेवण गेलं नाही. आठव्या दिवशी ते लतीफभाईंच्या घरी गेले, घराला कुलूप. शेजारी म्हणाले, बायका-पोरांना घेऊन गेले, कुठे ते माहीत नाही. त्यांनी टेंभुर्णीला विचारलं, बार्शीला विचारलं. कुणी म्हणालं सुरतेला गेला, कुणी म्हणालं गेलाच. मला आठवतं, त्या वर्षापासून अण्णांनी सूट शिवणं सोडलं होतं. नजर कमी झाली म्हणायचे. आई चष्म्याचा नंबर बदलून आणा म्हणून मागे लागायची, आणि ते टाळायचे.

"माझ्या धाग्याचं टोक तवाच हातातनं गेलं," ते म्हणतात. "आठ दिवस लई असतात, उज्वला."

मी दिवस मोजते. सोमवार, मंगळवार. आज शनिवार आहे. कपडे छातीपर्यंत आलेत आणि जॅकेट इतकं भिजलंय की ते मला खाली ओढतंय. मी म्हणते, अण्णा, मला ह्यातून काढा. ते पायरीवरून खाली येतात, माझ्या काखेखाली हात घालतात. मला वाटतं ते ओढून वर काढतील. पण ते शिवण बघताहेत.

"कापू का?" ते विचारतात.

"नको, उद्या प्रांजलचं गॅदरिंग आहे," मी म्हणते, आणि माझंच मला हसू येतं आणि मग रडू येतं. गळ्याशी आलंय तरी माझा जीव जॅकेटात अडकलाय.

अण्णा हसत नाहीत. "साखळी टाका हाय," ते म्हणतात. "एका टोकानं ओढशील तर आणखी आवळंल. दुसऱ्या टोकानं ओढलं तर काखेपासनं खालपत्तुर एका दमात सुटतो. कात्री लागत न्हाई." ते शिवणीवरून नख फिरवतात, एक धागा वर काढतात आणि माझ्या चिमटीत देतात. "ओढ."

मी ओढत नाही. मी म्हणते, माझी नोकरी जाईल. ते म्हणतात, जाईल. मी म्हणते, नवरा ट्रकवर असतो, महिन्यातून दोनदा घरी येतो, आमचं दोघांच्या कामावर चालतं. ते ऐकून घेतात. मी म्हणते, पोलीस आले तर. ते म्हणतात, येतीलही. मला वाटलं होतं बाप आहे, मेलेला का असेना, काहीतरी धीराचं बोलेल. शेवटी मी विचारते, प्रांजलला काय सांगू. ते टेप गुंडाळायला लागलेत, चार बोटांभोवती, दुकान बंद करताना गुंडाळायचे तशी. आकडे एकावर एक बसत जातात आणि टेप संपते.

मी ओढते.

डोळे उघडतात तेव्हा चादरीच्या कडेने ऊन पलंगावर आलेलं आहे. दुपारचे अडीच वाजलेत. मी घामाने भिजलेय आणि जॅकेट माझ्या अंगात नाही, अंगाखाली आहे. उजव्या मुठीत काहीतरी आहे. मूठ उघडते. काळा दोरा, एकसंध, टाक्याटाक्याला वळलेला, तर्जनीला गुंडाळून उरलेला मनगटापर्यंत आलेला. मी जॅकेट उचलते. काखेपासून खालच्या पट्टीपर्यंत एक बाजू पूर्ण उघडी आहे. कापडाला कुठे चीर नाही, धागा तुटलेला नाही, कात्री फळीवरच्या डब्यात जिथल्या तिथे आहे. साखळी टाक्याचं टोक कुठलं ते मला कधीच ओळखता आलेलं नाही. अण्णा शिकवणार होते, तोवर माझं लग्न झालं.

खरं सांगायचं तर मी आधी सुई शोधली. शिंप्याची पोर आहे मी, दहा मिनिटांचं काम. प्रांजल यायच्या आत शिवून टाकू, इस्त्री मारू, उद्याचं उद्या बघू. सुईत दोरासुद्धा ओवला. आणि मग बघितलं तर प्रांजल दारातच उभी आहे. पाठीला सॅक, पायात बूट, आत आलेली नाही. कधीपासून उभी आहे कुणास ठाऊक. ती जॅकेटकडे बघतेय.

मी तिला खाली बस म्हणत नाही, पाणी घे म्हणत नाही. सुई गादीत खोचून ठेवते आणि बसल्या जागेवरून सांगून टाकते. जॅकेट विकत घेतलेलं नाही. सवलतीत मिळालं असं तुला सांगितलं ते खोटं होतं. मी चोरलं, लेबलापायी अडकलं, आणि माझ्याऐवजी इंदूताईंना काढलं. मी तिथे उभी होते आणि गप्प बसले. मला वाटलं होतं आवाज कापेल, पण सरळ निघाला.

प्रांजल जमिनीकडे बघतेय. तिच्या चेहऱ्यावर नवल नाही.

"माहीत होतं मला," ती म्हणते. "त्यांची पुतणी माझ्या वर्गात आहे. मंगळवारपासून माझ्याशी बोलत नाही."

"मग तू मला बोलली का नाहीस?"

ती सॅकचा पट्टा धरून उभी राहते. सतरा वर्षांची आहे. मी इतके दिवस समजत होते की हिला नुसते कपडे दिसतात.

"तू बोलत नव्हतीस म्हणून."

मी उठते, तोंडावर पाणी मारते, उसवलेलं जॅकेट बाजारच्या पिशवीत घालते. दोरा मुठीत होता तो ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधते. गोदामात कुणाला काय सांगायचं, कोणत्या शब्दांत, ते अजून जुळलेलं नाही. आधी इंदूताई.

प्रांजलने सॅक आत ढकललीय. बूट तिने काढलेलेच नाहीत.

"लवकर चल," ती म्हणते. "इंदूताई आज संध्याकाळी उरणला लेकीकडे राहायला जाणारेत."